टाकीचे वय

एकदा एका बाजारपेठेच्या गावात एका साडीव्यापाऱ्याने नवे दुकान थाटले आणि दर्शनी भागात काचेची भलीमोठी टाकी बसवून घेतली. तळाशी पांढरी वाळू, वर दगडांच्या कपारी आणि त्यांतून फिरणारे निळे-पिवळे सिक्लिड मासे. आफ्रिकेतल्या सरोवरांतले हे मासे मोठे भांडखोर, पण देखणे. त्यांची निगा विशाखाकडे होती. गावातल्या तात्यांनी माशांखेरीज दुसरा संसार केला नव्हता. विशाखा त्यांची शिष्या, आणि तिने एकटीने अंगावर घेतलेले हे पहिलेच काम.

थोडे दिवस गेले आणि काचेवर, वाळूवर, दगडांवर तपकिरी शेवाळाचा थर धरला. शेठ म्हणाले, "ताई, आमच्या धंद्यात डाग चालत नाही. टाकी लख्ख पाहिजे." विशाखाने ओढणी खोचली. मासे बादल्यांत काढले, दगड काथ्याने घासले, पाणी सतत गाळून फिरवणाऱ्या गाळणीचा स्पंज उकळून उन्हात वाळवला आणि बोअरच्या ताज्या पाण्याने टाकी काठोकाठ भरली. संध्याकाळी टाकी अशी चमकली की शेठनी तिला चहा पाजला. आठवडा उलटायच्या आत थर पुन्हा हजर, आधीपेक्षा दाट. तिने पुन्हा सगळे उपसले. तो पुन्हा आला. पुढच्या खेपेला मासे वर येऊन धापा टाकू लागले आणि एक निळा नर मेला. विशाखाला रडू फुटले, पण हातातली घासणी काही सुटेना.

अशातच एका पिवळ्या मादीचा गळा फुगलेला तिला दिसला. मादी अन्नाला शिवत नव्हती. या जातीची आई अंडी तोंडात धरते आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत उपाशी राहते. कुणी फार छेडले तर मात्र घाबरून अंडी गिळून टाकते. आणि नेमके तेव्हाच शेठ म्हणाले, "रविवारी उद्घाटन आहे. शनिवारी टाकी धुऊन काढा. जमत नसेल तर प्लास्टिकचे मासे आणतो. ते तरी घाण करत नाहीत!"

विशाखा तडक तात्यांकडे गेली. "तात्या, एवढी घासते, तरी हे येतं कसं? काहीतरी औषध द्या."

तात्या उठले. आपल्या जुन्या टाकीच्या गाळणीतला काळपट, बुळबुळीत स्पंज त्यांनी पाण्यासकट पिशवीत घेतला, तिच्याबरोबर दुकानात आले आणि शेठच्या देखत तो त्या नितळ पाण्यात पिळला.

पाणी गढुळले. "अहो तात्या, वेड लागलं का तुम्हाला?" शेठ ओरडले. विशाखाचाही संताप अनावर झाला. "तात्या, माझ्या मेहनतीची ही थट्टा कशाला?"

तात्यांनी तो स्पंज तिच्या स्वच्छ स्पंजाशेजारी गाळणीत नीट बसवला आणि धोतराला हात पुसले.

"अगं, हे शेवाळ नव्या टाकीला धरतंच. तान्ह्या बाळाच्या टाळूवर खपली धरते, ती कुणी खरवडतं का? माशांची घाण पचवणारे बारीक जीव स्पंजात, दगडांवर वस्ती करतात, तेव्हा कुठे टाकी स्वतःला सांभाळायला शिकते. ती वस्ती तू उकळून मारलीस. बोअरच्या पाण्यात या शेवाळाचं खाद्य असतं, ते बादल्या भरभरून तूच ओतलंस. दर आठवड्याला तू टाकीला पुन्हा पहिल्या दिवसावर नेऊन ठेवतेस. मग तिचं वय वाढायचं कधी? समोरची काच पूस, खाणं कमी टाक, पाणी थोडंथोडंच बदल. बाकी राहू दे. लोक बोलतील. बोलू देत."

शनिवारी शेठ दोन गडी आणि घासण्या घेऊन आले. विशाखाने टाकीसमोर बादली पालथी घातली आणि तिच्यावर ठाण मांडले.

"आज या पाण्यात कुणाचा हात पडणार नाही."

"ताई, टाकी माझी आहे!"

"तुमचीच आहे. पण आत एक आई तोंडात लेकरं धरून उपाशी बसलीय. दगड घासायचेच असतील तर आधी मला कामावरून काढा, आणि मग हात तुम्ही स्वतः घाला. गड्यांना सांगू नका."

शेठनी बाही वर केली. कपारीत ती पिवळी मादी गळा फुगवून त्यांच्याकडेच बघत होती. बाही पुन्हा खाली आली. "उद्या पाहुण्यांना काय सांगू मी?" ते चिडून म्हणाले.

"सांगा, आमची टाकी अजून लहान आहे."

रविवारी पाहुण्यांनी नाके मुरडली. एका बाईंनी तर काचेवर बोट ठेवून विशाखालाच विचारले, "इथं कुणी साफसफाई करत नाही का?" विशाखा ताठ मानेने म्हणाली, "करते की. मीच करते." दिवसभर ती टाकीपासून हलली नाही.

पुढे एका सकाळी शेठनी तिला घाईने हाक मारली. मादीने एका तपकिरी दगडाशी तोंड उघडले होते. आतून तांदळाच्या कण्यांएवढी पिल्ले बाहेर पडली आणि थेट त्या दगडावर जाऊन तुटून पडली. शेठ काचेला नाक लावून बघत राहिले.

"अहो ताई, हे खातायत तरी काय?"

"डाग," विशाखा म्हणाली.