तात्याची काळी पट्टी

“झालं का पुसून, तात्या?”

“माई, एकतीस वर्षं पुसतोय. माझ्या फरशीत तोंड दिसतं, तोंड!” तात्या छाती फुगवून म्हणाला. मग स्वतःच खिदळला. “म्हणजे, ओली असते तोवर. वाळली की नुसते पोतेऱ्याचे पट्टे.”

“मग आता यंत्र पुसेल. संध्याकाळी पोथी तू वाच.”

तात्याचं हसू तिथंच आटलं.

माईंच्या मठातला तो सगळ्यात जुना शिष्य आणि सगळ्यात मोठा टवाळ. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून सुटलेली. पोथी वाचणाऱ्या एकेकाची त्यानं नक्कल केली होती. कुणाचं नाकातलं बोलणं, कुणाचं अडखळणं. आज तेच सगळे समोर बसणार! आजवर माईंनी ‘वाच’ म्हटलं की याची बादली नेमकी भरलेली असायची. आता बादलीच गेली.

एका भक्तानं परातीएवढं गोल यंत्र पाठवलं होतं. ते आधी धूळ ओढायचं, मागून ओली फडकी फिरवायचं. सतरंजी लागली की फडकी वर उचलून घ्यायचं. थोडं पुसून झालं की आपल्या ठाण्यावर जाऊन फडकी धुऊन यायचं. घाण पाणी वेगळं, चांगलं वेगळं. तात्या एका बादलीत अख्खा सभामंडप उरकायचा.

“लेकाचं माझ्यापेक्षा सोवळं,” तो पुटपुटला.

पण गाभाऱ्याच्या काळ्या उंबऱ्यापाशी ते मागं सरलं, तेवढं मात्र त्यानं बरोबर हेरलं. दुपारी माईंचा डोळा लागला, आणि सभामंडपाच्या मधोमध वीतभर रुंद काळी चिकटपट्टी बसली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

माई उठून आल्या. अर्धा मंडप लखलखीत, अर्धा कोरडा. यंत्र पट्टीपाशी यायचं, थबकायचं, मागं फिरायचं.

“काय झालं रे याला?”

“घाबरलं!” तात्याला उकळ्या फुटत होत्या. “त्याच्या पोटाला डोळे असतात, माई. पायरीवरून पडू नये म्हणून. काळं दिसलं की त्याला वाटतं, खड्डा! जन्मात ओलांडायचं नाही. … बादली भरू ना? पोथीचं बघू नंतर.”

माई पट्टीवर जाऊन उभ्या राहिल्या. टाच आपटून पाहिली.

“खड्डा नाही की रे.”

“नाहीच! पण त्या खुळ्याला कोण सांगणार?”



माईंनी पोथी आणली, उघडली आणि तात्याच्या नाकासमोर धरली. काळ्या ओळींनी गच्च भरलेलं पान.

तात्या एक पाऊल मागं सरला.

“तात्या,” माई म्हणाल्या, “तुझ्या पोटाला किती डोळे आहेत, दाखव बघू.”