पौर्णिमेपासून बंदी

फार जुन्या काळची गोष्ट. एका रानात पाणवठ्यावरच्या उंबराखाली अस्वलं दिवसभर चिलीम ओढत बसायची आणि वर साळुंकीच्या घरट्यात तीन पिलं खोकायची. शेवटी तिने पंचायतीत गाऱ्हाणं मांडलं.

"उघड्यावरचा धूर तो, वाऱ्यावर निघून जातो," म्हातारं अस्वल म्हणालं.

"तो वारा माझ्या घरट्यातूनच जातो, दादा."

सरपंच हत्तीला पटलं. उंबराखाली चिलीम बंद, असा कायदा झाला. मात्र अस्वलांनी साठवलेला तंबाखू वाया जाऊ नये म्हणून तो पौर्णिमेपासून लागू होणार होता. साळुंकी रोज चंद्राकडे बघायची. अष्टमीला दोनच पिलं खोकत होती.

पौर्णिमेला म्हाताऱ्या अस्वलाने चिलीम दगडावर झाडली आणि वर बघून म्हटलं, "साळुंके, आता पिलांना खुशाल खाली उतरव!"

साळुंकी रिकाम्या घरट्याच्या काड्या एकेक करून खाली टाकत होती.