चित्राखालची पाटी

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं, 'शर्वरी'. ते सासऱ्यांनी निवडलं होतं. केतकी म्हणून मला हाक मारणारं या घरात कुणीच नव्हतं.

सासरे कलेच्या इतिहासाचे प्राध्यापक. रविवारी विद्यार्थ्यांना एक जुनं चित्र दाखवत म्हणाले, "खाली पाटी आहे, 'लाजरी वधू'. ती लाजतेय की रागावलीय, कुणी विचारलं? सत्ता पाटी लिहिणाऱ्याची!" मग चहा देणाऱ्या माझ्याकडे वळून हसले. "डोक्यात शिरलं का काही, शर्वरी?"

"शिरलं, बाबा. चित्रातल्या बाईला आता विचारता येणार नाही. मला अजून विचारता येईल."

विद्यार्थी चहाच्या कपांत बघू लागले. बाबांनी चष्मा काढला. "बरं. काय म्हणू तुला?"

"केतकी," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.