धागा बांधलेलं कलिंगड

फार पूर्वी एका नदीकाठच्या गावात एक फुलारी आणि त्याची बायको राहत होती. फुलारी देवळाच्या दाराशी बसून हार-गजरे करायचा. बायको नदीचं पाणी ओसरलं की पात्रातल्या वाळूत खळगे करून कलिंगडं लावायची. त्या कलिंगडाचं बी तिला सासरी पाठवताना आईनं ओटीत घातलं होतं. वरून काळपट हिरवं, आत लालबुंद आणि साखरेसारखं गोड. बाजारातलं दुसरं कुठलंही बी त्या वाळूत रुजत नसे, म्हणून पंचक्रोशीत कलिंगड मिळायचं ते तिच्याच वेलांचं.

आईची एक शिकवण होती. वेलाला धरलेलं सगळ्यात उमदं फळ हेरायचं, त्याच्या देठाला लाल धागा बांधायचा आणि वेल वाळेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. ते खायचं नाही, विकायचं नाही, देवापुढेही ठेवायचं नाही. ते पुढच्या वर्षाचं.

फुलाऱ्याच्या बोटांत कला होती, यात शंका नाही. पण त्याचे हार देवाच्या गळ्यात पडत आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्यात जात. हा हार कुणी गुंफला, असं कुणी विचारत नसे. हे त्याला फार लागायचं. पोटाची भूक भाकरीनं तरी भागते. कौतुकाची भूक माणसाला घरचं दारचं काही सुचू देत नाही.

राजवाड्यात दर चैत्रात राणी गौर बसवायची. हळदीकुंकवाला गावभरच्या सवाष्णी यायच्या. गौरीपुढे मधोमध फुलांची मोठी आरास असे, पण ऊन इतकं कडक, की बायका पन्हं पिऊन होईपर्यंत फुलं माना टाकायची. चांदीची फुलदाणी तापायची आणि आतलं पाणी कोमट व्हायचं. त्या वर्षी राणीनं दवंडी पिटवली, "दिवेलागणीपर्यंत टवटवीत राहील अशी आरास जो करील, त्याला मी शेला देईन आणि सगळ्यांसमोर त्याचं नाव घेईन."

नाव घेईन, हे शब्द फुलाऱ्याच्या मनात घर करून बसले.

एकदा बायकोनं भर दुपारी कलिंगड कापलं. बाहेर वाळूवर पाय ठेववत नव्हता आणि फळाचं पोट मात्र थंडगार होतं. फुलाऱ्यानं तिथंच मांडी ठोकली. कलिंगडाचा वरचा भाग उडवला, गर कोरून काढला, पाणी भरलं आणि मोगऱ्याच्या डहाळ्या खोचल्या. फुलं छान राहिली, पण थोड्या वेळानं फळ बुडाशी पाझरायला लागलं. त्यानं दुसरं कोरलं, मग तिसरं. हाताला लागेल ते फळ तो कोरत सुटला आणि गर बियांसकट नदीत टाकत गेला.

"अहो, बाजारात मी काय नेऊ, टरफलं?" बायको म्हणाली. पण हसत म्हणाली. नवऱ्याला इतकं आनंदात तिनं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

अखेर त्याला मर्म सापडलं. पिकलेलं फळ पाझरतं. पुरतं न पिकलेलं, घट्ट गराचं फळ पाणी धरतं. मात्र हे कळेपर्यंत वेल उघडे पडले होते. पानांआड उरलं होतं फक्त धाग्याचं फळ.

त्याच सुमारास बायकोच्या माहेराहून सांगावा आला. आई अंथरुणाला खिळली होती. बायकोनं गाठोडं बांधलं आणि निघताना म्हणाली, "मी येईपर्यंत धाग्याच्या फळाला तेवढं पाणी घाला. आणि राखण करा हो."

"अगं, हे का मला सांगायला हवं?" फुलारी म्हणाला. तेव्हा तो खरंच तसं समजत होता.

गौरीच्या हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. फुलारी पाण्याची घागर घेऊन वाळूत गेला. फळ भरलेलं, गोल, देखणं दिसत होतं. त्यानं बोटानं टकटक करून पाहिलं. घट्ट होतं, अजून पिकायचं होतं. नेमकं तसंच त्याला हवं होतं.

'बी कुठं पळून जातंय?' तो स्वतःलाच समजावू लागला. 'गर काढताना बी बाजूला ठेवीन. फळ राणीला, बी आपल्याला. तिला हरकत घ्यायला जागाच नाही.' मन वकिली करायला लागलं की त्याला साक्षीदार लागत नाही. त्यानं धागा सोडवून वाळूत ठेवला आणि देठावर विळा चालवला.

फळ कोरताना आत फिकट गुलाबी गर निघाला. बिया पांढऱ्या, चपट्या, पापुद्र्यासारख्या होत्या. त्याचा हात थांबला. पण कापलेलं फळ वेलाला परत लावता येत नाही. त्यानं बिया फडक्यात बांधल्या आणि फुलं खोचायला घेतली. मध्ये अनंत, भोवती सोनचाफा, कडेनं मोगरा.

आरास दिवे लागेपर्यंत जशीच्या तशी राहिली. बायका आ वासून पाहत होत्या. राणीनं फुलाऱ्याला पुढं बोलावलं, शेला दिला आणि सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं. त्या संध्याकाळी त्याला आकाश ठेंगणं झालं. सकाळी दासींनी आरास उचलली, फुलं निर्माल्यात टाकली आणि कलिंगड गाईपुढे ठेवलं.

काही दिवसांनी बायको परतली, डोळे सुजलेले. आई गेली होती. घरात न शिरता ती तशीच वाळूत उतरली. फुलारी मागोमाग गेला. ती कापलेल्या देठापाशी बसली होती.

"जाताना आईनं एकच विचारलं," ती म्हणाली. "तिच्या घरचं बी यंदा उंदरांनी खाल्लं होतं. म्हणाली, तुझ्याकडचं आहे ना? मी म्हटलं, आहे, धागा बांधलाय. मग तिला बरं वाटलं."

फुलाऱ्यानं घाईघाईनं पुरचुंडी पुढं केली. "मी बी राखलंय गं."

तिनं एक पांढरी बी नखानं दाबली. ती चिरडली.

"हे बी नाही," ती म्हणाली. "याला अजून बी व्हायचं होतं."

तिनं वाळूतला धागा उचलून पदराला बांधला. ती भांडली नाही, रडलीही नाही. भांडली असती तर फुलाऱ्याला सोसलं असतं.

थंडी पडली तसे दोघांनी खळगे केले आणि त्याच बिया पेरल्या. काही उगवलं नाही. बाजारचं बी आणून पाहिलं, तेही वाळूत कुजलं. पुन्हा चैत्र आला. राजवाड्यातून निरोप आला, 'गतसालासारखीच आरास हवी.' फुलाऱ्यानं पितळी कळशीत मोगरा भरून नेला. दुपारीच फुलं मलूल झाली. राणीनं तिकडं पाहून दासीला विचारलं, "हा कोण गं?" दासीला त्याचं नाव आठवेना. राणीलाही आठवेना.

तो नदीवरून घरी निघाला. वाळूत बायको कळशी घेऊन रिकाम्या खळग्यांत पाणी घालत होती.

"अगं, आता नाही उगवायचं ते," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण मी आईला आहे म्हणून सांगितलंय."

फुलाऱ्यानं तिच्या हातातली कळशी घेतली आणि उरलेल्या खळग्यांत तो पाणी घालू लागला. वाळू ते लगेच पिऊन टाकत होती.

तात्पर्य: कौतुक एका संध्याकाळचं असतं, त्याच्यापायी पुढच्या वर्षाचं फळ कापू नये. पुढचं पुढं बघू म्हणणाऱ्याला पुढं बघायला काही उरत नाही.