उताराची बाजू

"उस्ताद, आता तरी हो म्हणाल?"

रुपेश गुरव हातातलं फडकं खांद्यावर टाकून उभा राहिला.

दाऊद मापारी उस्ताद लगेच कधीच बोलत नसत. आंबा घाटाच्या पायथ्याशी, साखरप्याला त्यांचं गॅरेज. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचे. पण मनात काय चाललंय, याचा ताकास तूर लागू देत नसत.

रुपेश अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. आणि आज त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

कारणही तसंच होतं. भंगारात निघालेली एक जुनी अँबॅसिडर त्याने एकट्याने उभी केली होती. मागचे पाच पानांचे स्प्रिंगचे पाटे काढून सात पानांचे चढवले होते. ट्रंका, हत्यारं आणि आई, एवढं सगळं मागे घातलं तरी गाडी मागून बसणार नाही, असे. मागच्या आसातले दातेही बदलले, चढाला जोर यावा म्हणून.

उद्या सकाळी घराला कुलूप घालून, आईला मागच्या सीटवर बसवून तो घाट चढणार होता. कोल्हापूरला, कायमचा. तिथे शेड बघून ठेवली होती. स्वतःच्या नावाची पाटीसुद्धा रंगवून झाली होती.

फक्त उस्तादांचं 'जा' राहिलं होतं. त्याच्यावाचून पाय निघत नव्हता. हे मात्र तो आईलाही सांगत नसे.

उस्ताद उठले. चाचपडत गाडीच्या मागे गेले. आसाखाली लाकडी ठोकळे होते, चाकं काढलेली. त्यांनी डिकीवर दोन्ही तळवे ठेवून भार दिला.

गाडी एकदा दबली. एकदा उठली. गप्प झाली.

"पाटे बरे बसलेत."

अकरा वर्षांत एवढी स्तुती रुपेशने ऐकली नव्हती.

"आता हे बघा." त्याने त्यांना टेबलाशी आणलं. आसाच्या पोटातला गोळा तिथे उघडा ठेवला होता. छोटं पिनियन आणि त्याला भिडलेली क्राउनची मोठी दातेरी थाळी. इंजिनाचा जोर पिनियनकडून क्राउनला मिळतो, क्राउनकडून चाकांना.

दात दाताला कुठे भिडतो, हे बघायला उस्ताद शेंदूर वापरत. तेलात कालवून दातांना लावायचा आणि हाताने फिरवायचं. जिथे दात टेकतो, तिथला शेंदूर पुसला जातो. शेंदूर रुपेशच आणायचा, दर दसऱ्याला, गावच्या देवळातला. वडील होते तोवर मारुतीला लावून उरलेला ते पुडीत बांधून द्यायचे. वडील गेले, पण पुडी काही चुकली नाही.

"बघा, प्रत्येक दातावर अंगठ्याएवढा ठसा. अगदी मधोमध. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"मला दिसत नाय. फिरव."

रुपेशने पिनियन फिरवलं. क्राउन फिरलं, हूं की चूं न करता.

"चढाची बाजू चांगली लावलीस."

"म्हणजे जाऊ?"

उस्तादांनी दाताच्या पुढच्या अंगावरून एक बोट फिरवलं. बोट लाल झालं.

मग त्याच दाताच्या पाठीवरून दुसरं बोट फिरवलं. ते कोरडंच राहिलं.

दोन्ही बोटं त्यांनी रुपेशच्या तोंडापुढे धरली...

"तिकडनं जोर येत नाय, उस्ताद."

"कधीच?"

"चढाला नाय."

उस्तादांनी बोटं तशीच धरून ठेवली.

रुपेशची नजर कोरड्या बोटावर गेली. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सोडली की इंजिन गाडीला ओढत नाही, गाडीच इंजिनाला ढकलते. तेव्हा सगळा भार दाताच्या पाठीवर येतो. हे काय त्याला ठाऊक नव्हतं? अकरा वर्षांत दाताच्या दोन्ही अंगांना त्याने शंभर वेळा शेंदूर लावला होता. लोकांच्या गाड्यांना. नेमका आपल्या गाडीला विसरला.

"मी उतरणारच नाय ना पण," तो हळूच म्हणाला. "कायमचा चाललोय."

उस्तादांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी डबा जवळ ओढला आणि दातांच्या पाठींना शेंदूर लावायला सुरुवात केली. एकही दात न चुकता.

"आता उलटं फिरव. क्राउन मी दाबून धरतो."

रुपेश फिरवू लागला. एक फेरा... दोन... तीन.

"थांब. ऐकलंस?"

"काय?"

रुपेशला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. उस्तादांनी नख दाताच्या पाठीवरून नेलं, अगदी कडेला, आणि तिथेच टेकवून ठेवलं.

"इथं लागतंय."

रुपेशने गोळा उजेडाकडे वळवला. नख होतं बरोबर तिथेच शेंदूर पुसला गेला होता. कडेला, दोऱ्याएवढी बारीक रेघ. पुढच्या दातावर तशीच. त्याच्या पुढच्यावरही.

त्याने तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी ठेवलं, तेही बोटाला शेंदूर होता म्हणून.

मग अंगावर काटा आला. एवढी गाडी, एवढ्या ट्रंका, मागच्या सीटवर आई, आणि घाटातल्या एखाद्या उतरत्या वळणावर या सगळ्याचा भार त्या दोऱ्यावर... त्याला लख्ख उजेडात न दिसलेलं या माणसाने नखाने पाहिलं होतं. अकरा वर्षं आपण कुणाच्या शेजारी बसून चहा प्यालो, हे त्याला जणू आजच कळलं. त्याला उस्तादांच्या पायाशी बसावंसं वाटलं. आणि तो बसला.

तिथूनच म्हणाला, "पिनियनमागची पातळ पत्री बदलावी लागंल."

"केसाएवढी."

"मग चढाचा ठसा सरकंल, उस्ताद. मधोमध राहणार नाय."

"सरकू दे."

"एवढा जीव तोडून लावलेला..."

"दोन्हीकडं मधोमध कुणाचं असतं रे?"

पुन्हा सगळं खोललं. पत्री बदलली, बोल्ट आवळले, शेंदूर लावला. या खेपेला दोन्ही अंगांना. सुलटं फिरवलं, उलटं फिरवलं. जमेना, म्हणून आणखी एकदा खोललं. उन्हं कलली तेव्हा पुढच्या अंगावरचा ठसा थोडा बाजूला सरकला होता, आणि पाठीवर, जिथे सकाळी नुसती रेघ होती, तिथे भरलेला ठसा उमटला होता.

उस्तादांनी एकेक दात अंगठ्याने चाचपला. शेवटच्या दातापाशी मान हलवली.

रुपेश हात धुऊन आला. सकाळचा आवाज आता त्याच्यात उरला नव्हता.

"उस्ताद... जाऊ?"

उस्तादांनी शेंदराचा डबा उचलला. तळाशी बोट फिरवून पाहिलं.

"शेंदूर संपत आलाय," ते म्हणाले. "दसऱ्याला पुडी घेऊन ये."