कमानीखालचं पागोटं

नद्यांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यातून एक नदी वाहायची. पहाटे तिच्यावर इतकं दाट धुकं उतरायचं, की पलीकडचं गाव खरंच आहे की आपल्या स्वप्नातलं, हे कळायचं नाही.

त्या राज्यात पूल बांधायचा तर गवंड्याला जामीन द्यावा लागे. कमान पुरी झाली, की खालचे लाकडी टेकू काढायचे आणि त्या वेळी जामीनदाराने कमानीखाली बसायचं. त्यामुळे जामीनदार रोज कामावर येई, दगड वाजवून बघे.

पुढे थोर लोक जामीन राहू लागले. त्यांना खाली बसायची लाज वाटे. लाज कसली, भीतीच. मग त्यांनी ठरवलं, आपण नाही, आपलं पागोटं ठेवायचं. वडीलधारे म्हणाले म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढंच तर शिकवलं होतं त्यांना.

एका पुलाला नगरशेट जामीन राहिले, घरी झोपाळ्यावर बसून. बघायला कोणी येत नाही, हे गवंड्याने ओळखलं. महिनाभर भिजवायचा चुना त्याने आठ दिवसांत वापरला. टेकू निघाले आणि झोपेत कूस बदलावी तसा पूल हळूच नदीत गेला. पागोटंही गेलं.

तिथे नाव चालवणारी एक बाई होती. पुरात नाव चालत नसे आणि पलीकडची माणसं वैद्याविना मरत. मागच्या पुरात तिची बहीण अशीच गेली होती. ती शेटकडे गेली. जामीन तुम्ही होता, पूल आता तुम्ही पुरा करून द्या, म्हणाली.

"माझं पागोटं गेलं, बाई. आणखी काय देऊ?"

"पागोटं नवं बांधता येतं, शेटजी. बहीण नाही."

ती राजाच्या दरबारात गेली. म्हाताऱ्या राजाने न्याय केला. शेटना नवं पागोटं दिलं.

मग ती म्हणाली, पूल पुन्हा बांधा, जामीन मी. माझ्याकडे पागोटं नाही, तेव्हा मीच बसेन. दरबारातले म्हातारे हसले. पूल झाला तर तुझ्या नावेत कोण बसणार, असं विचारलं. तिने त्यांचं हसून होऊ दिलं.

ती रोज येई, चुन्यात बोट बुडवून बघे. गवंडी वैतागला.

"मला काम शिकवतेस?"

"नाही रे दादा. खाली मी बसणार आहे."

त्या दिवशी गवंड्याने रचलेले तीन थर स्वतःच उतरवले.

टेकू काढले, तेव्हा धुकं होतं. ती मांडी घालून बसली होती. एकेक टेकू निघाला. तिच्या केसांत थोडी पांढरी धूळ पडली, बस्स. मग डोक्यावरून पावलं वाजली. वैद्य पलीकडे चालला होता.

पागोट्याचा जामीन त्या दिवसापासून बंद झाला. शेटजी पुन्हा कुणाला जामीन राहिले नाहीत.

ज्याची स्वतः खाली बसायची तयारी नाही, त्याने वरून चालणाऱ्यांची हमी घेऊ नये.