तुसाची माती

फार पूर्वी शूर्पारक नगरात मेघसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका ओताऱ्याच्या कुळात जन्माला आला होता. नाव तिस्स. चाळीस वर्षे त्याने एकाच भट्टीवर काशाच्या घंटा ओतल्या.

भट्टी वसुमित्र नावाच्या तरुण धन्याच्या हाती आली आणि त्याने पहिली आज्ञा काढली, की साठी उलटलेल्यांनी उद्यापासून येऊ नये. राजाला आरशासारखी गुळगुळीत घंटा हवी होती, आणि जुन्या हातांना जुनेच सुचते, असे धन्याचे म्हणणे. तिस्स साच्याची माती शेण आणि भाताचे तूस घालून मळीत असे. वसुमित्राने तूस वगळले. चाळलेली चोख माती तेवढी घेतली.

तिस्साला हे कळले तेव्हा तो जेवत होता. भरल्या पानावरून उठला आणि तडक भट्टीवर गेला.

"धनी, तूस जळते तिथे बारीक भोके राहतात. वाफ त्यातून निघते. तुमच्या साच्यातून तिने जावे कुठून? काशाचा रस ओतलात की साचा फुटेल. साच्याच्या खड्ड्याभोवती बारा माणसे आहेत."

"आजोबा, शेणातुसाचे दिवस गेले."

"गुळगुळीत मलाही हवी आहे. दहा वर्षे डोके खपवतो आहे त्यावर. आतून बोटभर चोख माती, बाहेरून तुसाची. घरी लहान घंटा ओतून पाहिल्यात. चार दिवस द्या."

"दहा वर्षांत घंटी आणि चार दिवसांत घंटा!" वसुमित्र म्हणाला. सगळे हसले. ज्यांचे मनगट धरून तिस्साने पळी उचलायला शिकवले होते, तेही हसले.

तिस्स रस जायच्या पन्हळीत जाऊन बसला. "ओता आता."

चौघांनी त्याला ओढून काढले. गुडघे सोलले. ओढता ओढताच तो ओरडला, "मागे सरा रे! हसा हवे तेवढे, पण मागे सरून हसा!"

अकरा जण सरले. उग्ग नावाचा बारावा धन्याच्या नजरेत भरावे म्हणून तिथेच उभा राहिला.

रस ओतला आणि साचा फुटला. उग्ग जागच्या जागी गेला.

तिसऱ्या दिवशी वसुमित्र तिस्साच्या दारात आला. वाकला नाही. "ते दोन मातींचे काय ते सांगा," एवढेच म्हणाला.

तिस्साची बायको पुन्नी दार अडवून उभी राहिली. "सांगू नका हो! फरफटवताना लाज नव्हती, आता मागायला बरा आला! जळू दे याची भट्टी."

"साचा फुटतो तेव्हा धनी लांब उभा असतो, पुन्ने," तिस्स म्हणाला आणि उठला.

घंटा झाली. तिच्यावर नाव कोरले वसुमित्राचे. नवी युक्ती काढल्याबद्दल राजसभेत शेलाही त्यालाच. साठीचा नियम तसाच राहिला. तिस्साला पुन्हा कोणी बोलावले नाही.

एवढे सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, म्हाताऱ्या भिक्षूंना सभेत मागे बसवणारा हा सुनंद, तो त्या जन्मीचा वसुमित्र. त्याच्याबरोबर आज त्यांना हसलात ते तुम्ही, तेव्हाचे ओतारी. पुन्नी म्हणजे ती दाराशी बसलेली वृद्ध भिक्षुणी. तिचा राग अजून गेलेला नाही. तिस्स मी होतो."

ही क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची पराकाष्ठा. तिच्यामुळे अकरा माणसे वाचली. वसुमित्र शहाणा झाला, असे कुठेही सांगितलेले नाही.